तुमचे प्रश्न: साग आणि ओक दोघंही पानं गाळतात, मग दोघांचं जंगल एकच का नाही?

मागच्या अंकात जंगलं आणि भूगोल यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर बहुतेक प्रश्न त्या एकाच प्रोजेक्टचे आलेत, 'जगातील वनांची तुलना करा, तक्ता काढा'. मी स्वतः बावीस वर्षं भूगोल शिकवला आणि हाच तक्ता दर वर्षी मुलांकडून काढून घेतला, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही. पण तक्त्यात पाऊस किती, तापमान किती, झाडं कोणती एवढंच येतं आणि असं का हा रकाना कधीच नसतो. यावेळी तोच भरूया. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: मॅडम, नेटवर बघितलं तर जंगलांचे तीनच बायोम, म्हणजे मोठे प्रकार, सांगतात, उष्ण कटिबंधीय वर्षावन, समशीतोष्ण पानझडी आणि तैगा (उत्तरेकडच्या थंड प्रदेशातलं सूचिपर्णी जंगल). आमच्याकडे बोर अभयारण्याच्या बाजूला सगळा साग आहे, उन्हाळ्यात एक पान दिसत नाही. म्हणून मी आमचं जंगल समशीतोष्ण पानझडीत टाकलं तर सरांनी काट मारली. पानं तर दोघांचीही गळतात, मग चूक काय? (इयत्ता दहावी, वर्धा)

अरे, काट बरोबर मारली पण तू विचारतोयस तो प्रश्नही एकदम बरोबर आहे, आणि सरांनी तिथेच पाच मिनिटं थांबून सांगितलं असतं तर अख्ख्या वर्गाचं काम झालं असतं.

आधी सागाचं एक पान हातात घे. कोपरापासून बोटांपर्यंत लांब सहज असतं, वरून पॉलिश पेपरसारखं खरखरीत. एवढ्या मोठ्या पानावर खालच्या बाजूने हजारो बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं, त्यातून झाड हवा आत घेतं आणि घेताना पाणी बाहेर जातं, त्याला इलाज नाही. म्हणजे प्रत्येक पान हा एक गळका नळ समज. पावसाळ्यात टाकी भरलेली असते म्हणून चालतं. वर्ध्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, पुढचे आठ महिने जमिनीत मुरलेल्यावर काढायचे. हिवाळा सरत आला की वरची माती कोरडी पडायला लागते आणि साग नळ बंद करतो, म्हणजे पानच टाकून देतो. टाकताना सुद्धा हिशेबी असतो हं, आधी पानातला नायट्रोजन वगैरे कामाचा माल खोडाकडे परत ओढून घेतो, मग देठाशी एक पातळ थर तयार होतो आणि पान सुटतं.

आता इंग्लंडचा ओक बघ. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. हो, वर्ध्यापेक्षा कमी, मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तकात छपाईची चूक असेल असं वाटलं होतं. पण तो बाराही महिने थोडाथोडा पडतो आणि ऊन मवाळ म्हणून टिकतो. तिथल्या ओकला तहान लागलेली नसते. त्याची अडचण वेगळी, ऑक्टोबरपासून दिवस आखडतो, थंडी वाढते, एवढ्याशा उजेडात पान काही कमवत नाही आणि नाजूक पान गोठलं तर फुकट जातं, म्हणून तो दुकान बंद करतो. ओकची पानं दिवाळीच्या सुमाराला गळतात, सागाची त्यानंतर, उन्हाळा तोंडावर आला की. ओकला नवी पालवी ऊब आली की फुटते, साग पावसाकडे डोळे लावून बसतो.

म्हणजे गळणं एकच पण एकाचं कारण तहान आणि दुसऱ्याचं थंडी. म्हणून तुझ्या जंगलाचं नाव उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी वन. भारतातल्या वनांची जी वर्गवारी सरकारी वनखातं वापरतं ती चॅम्पियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांची, १९६८ची, त्यात देशातली वनं १६ गटांत टाकलीत, तीनात नाही. नेटवरची ती तीन खोक्यांची आकृती बहुतेक परदेशातल्या शाळांची असते, त्यात आपला मान्सून बसतच नाही.

आणि सोपी चाचणी हवी असेल तर कोपेनची घे. व्लादिमिर कोपेन हा मुळात वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस, कुठली झाडं कुठवर तग धरतात ते बघून त्याने हवामानाच्या रेषा आखल्या, पहिला नकाशा १८८४चा. त्याचा नियम असा की सर्वात थंड महिन्याचं सरासरी तापमान १८ अंशांच्या वर असेल तर उष्ण कटिबंधीय. विदर्भात डिसेंबरला शेकोट्या पेटतात तरी सरासरी १८च्या वरच राहते, लंडनची जानेवारीतली सरासरी ५च्या आसपास असते, संपला विषय.

एक मात्र प्रोजेक्टमध्ये नक्की लिही, सगळी झाडं सागासारखं वागत नाहीत. पळस ऐन कोरड्या दिवसांत पानं टाकून फुलतो, आणि कुसुम तर मार्चमध्ये, सगळं रान करपलेलं असताना, लालभडक कोवळी पालवी काढतो. खालचं पाणी ज्यांच्या मुळांना लागतं ती पावसाची वाट बघत नाहीत. सरांना हे दाखव, काट पुसतील.

प्रश्न: मुलीच्या पुस्तकात दिलंय की ॲमेझॉनची माती नापीक असते. एवढं घनदाट जंगल आणि माती नापीक, हे कसं? आणि आमच्याकडची लाल माती तशीच का? तिकडे घाटावर काळी, इकडे लाल, मध्ये फक्त एक घाट. (एक आई, गुहागर)

ताई, तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारलेत आणि दोन्हींचं उत्तर एकच आहे, पाऊस.

मातीचं आधी सांगते. घाटाच्या वर आणि घाटाच्या खाली, मूळ खडक एकच, बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साठत गेले, आज पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भाग त्याखाली आहे. घाटात बसच्या खिडकीतून पायऱ्यापायऱ्यांचे कडे दिसतात ना, ते हेच थर. मग हा खडक फुटून, विरघळून माती होते, पुस्तकात त्याला विदारण म्हणतात. घाटावर पाऊस कमी, त्यामुळे खडकातले बरेच क्षार मातीतच राहिले, चिकण राहिली, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती काळी माती. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि वर, तेही लाखो वर्षं. चहाची तीच पूड पुन्हा पुन्हा उकळली तर शेवटी काय उरतं? तसं. चुना, पोटॅश, अगदी सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, तोसुद्धा विरघळून वाहून गेला आणि जे पाण्यात सहज जात नाही ते लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. लोखंडाला हवा लागली, गंज चढला. तुमच्या अंगणातला लाल रंग हा विळीच्या पात्यावर चढतो तोच गंज आहे. तेच घट्ट होऊन जांभा झाला, ज्याचे चिरे काढून तुमचं घर बांधलंय. खाणीतून ताजा काढलेला चिरा तासायला मऊ आणि उघड्यावर पडला की कडक होतो, हे तुमच्याकडच्या गवंड्याला भूगर्भशास्त्रज्ञाच्या आधीपासून माहीत. फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये केरळात हाच दगड बघून त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये लॅटर म्हणजे वीट.

ॲमेझॉनच्या बऱ्याच भागात हेच झालंय, फक्त तिथे पाऊस जवळजवळ वर्षभर. माती अशी धुऊन निघालेली, मग जंगल जगतं कशावर, तर स्वतःच्या कचऱ्यावर. उष्ण आणि ओलं म्हणजे बुरशी, वाळवी, किडे यांची चंगळ, पान खाली पडलं की काही महिन्यांत त्याची चाळण होते आणि त्यातलं खत मातीत खोल जायच्या आत वरवर पसरलेली मुळं, बुरशीच्या मदतीने, उचलून घेतात. शिल्लक सगळी झाडांत, जमिनीत खडखडाट. झाडं तोडून नेली की पासबुकच गेलं, म्हणून तिथे जंगल साफ करून केलेलं शेत खताशिवाय दोनतीन वर्षांत दम तोडतं.

आणि हे कोकणातल्या शेतकऱ्याला नवीन नाहीच मुळी. भाताच्या रोपांचा तरवा टाकायच्या आधी आपण राब भाजतो ना, ऐनाचे किंजळाचे टाहाळ, पालापाचोळा, शेण आणून जमिनीवर पसरून जाळतो, ते कशासाठी? झाडातलं खत रोपाच्या जागी आणायला. राब चांगला की वाईट यावर वाद आहेत, ते इथे नको. मुलीला म्हणावं ॲमेझॉनच्या मुद्द्याला राबाचं उदाहरण दे, पुस्तकात नसलं तरी.

एवढ्यावर भागत नाही. पावसाने फॉस्फरस थोडाथोडा वाहून जातच असतो, तो भरून कुठून येतो ऐका, सहारातून. चाड देशातल्या बोदेले नावाच्या सुकलेल्या तळ्याच्या खळग्यातली धूळ वाऱ्याने उडून अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनवर पडते. उपग्रहाच्या मोजणीवरून २०१५ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी अंदाज काढला की सहाराच्या धुळीतून वर्षाला साधारण २२ हजार टन फॉस्फरस तिथे पोचतो. वाळवंट जंगलाला खत घालतंय. मला अजूनही हे वर्गात सांगताना अंगावर काटा येतो.

प्रश्न: हवा आणि हवामान यात फरक काय? मी 'आज हवामान ढगाळ आहे' असं लिहिलं तर मार्क कापले. टीव्हीवर तर हवामानाचा अंदाजच म्हणतात. (इयत्ता सातवी)

टीव्हीवाल्यांचे मार्क कापायला हवेत खरंतर. पुस्तकाप्रमाणे आजची, आत्ताची स्थिती ती हवा, आणि एखाद्या ठिकाणच्या हवेची बऱ्याच वर्षांची, साधारण तीस वर्षांची, सरासरी म्हणजे हवामान. 'आज हवा ढगाळ आहे', 'नागपूरचं हवामान विषम आहे'. बोलताना सगळे मिसळतात, पेपरात मिसळू नको. जंगल हवामानावर ठरतं, हवेवर नाही, एका वर्षी पाऊस कमी झाला म्हणून महाबळेश्वरचं वाळवंट होत नाही.

प्रश्न: आम्ही दोन वर्षांपासून फिनलंडमध्ये आहोत. आई इकडे येऊन गेली, तिचा प्रश्न आहे की उणे पंचवीसमध्ये ही झाडं हिरवी कशी राहतात, आपल्याकडे तर नुसत्या उन्हाने पानं झडतात. आणि सगळी झाडं टोकदार का? (हेलसिंकीजवळून)

तुमच्या आईला नमस्कार सांगा, बाईंनी वर्ध्याच्या मुलाचाच प्रश्न उलटा करून विचारलाय.

हिवाळ्यात तिथे पाणी भरपूर दिसतं पण सगळं गोठलेलं, मुळांना ते शोषता येत नाही. म्हणजे झाडाच्या दृष्टीने तो दुष्काळच, ऐन जानेवारीत. सागाने गळका नळ फेकून दिला, स्प्रूस आणि पाईन यांनी नळच बारीक करून ठेवला. सुईसारखं पान, वरून मेणाचा थर, पर्णरंध्रं आत खोल दडलेली, पाणी जायला वावच नाही. शिवाय थंडी पडायला लागली की पेशींमधलं पाणी कमी होतं आणि साखर वाढते, साखरेचा पाक पाण्यासारखा पटकन गोठत नाही तसं काहीसं. आणि एवढा खटाटोप करून पान टिकवायचं कारण असं की उन्हाळा आखूड. मे महिन्यात ऊन आलं की नवी पालवी फुटायची वाट न बघता जुन्या सुयांवर लगेच काम सुरू. अर्थात तुमच्या बाजूचा बर्च पानं गाळतोच, आणि पूर्व सायबेरियात, जिथे थंडी उणे साठीपर्यंत जाते, तिथला लार्च सूचिपर्णी असूनही सगळ्या सुया गाळतो, इतक्या थंडीत सुईसुद्धा परवडत नाही. म्हणून तक्त्यात 'तैगा : सदाहरित' असं लिहून मोकळं होऊ नये.

टोकदार आकाराने बर्फ घसरून पडतं, फांद्या मोडत नाहीत, आणि तिकडे सूर्य क्षितिजाजवळून तिरपा येतो, तो बाजूने खालपर्यंत मिळतो. ॲमेझॉनमध्ये सूर्य डोक्यावर, म्हणून तिथे छत्रीसारखे पसरट शेंडे.

आता आईंना जंगलात फिरायला न्याल तेव्हा पायाने सुयांचा थर बाजूला सारून थोडं खणून दाखवा. वर काळपट, न कुजलेल्या सुयांची गादी, कारण थंडीत कुजणं फार सावकाश, आणि त्याखाली बऱ्याच ठिकाणी राखेसारखा फिका करडा पट्टा लागतो. त्या मातीला पॉडझॉल म्हणतात, रशियन शब्द आहे, राखेखालची अशा अर्थाचा. सुयांमधून झिरपणारं पाणी आंबट, ते वरच्या थरातलं लोखंड विरघळवून खाली नेतं आणि वर सिलिका राहतो. कोकणात बरोब्बर उलटं, सिलिका गेला आणि लोखंड राहिलं. दोन्हीकडे पाण्यानेच माती धुतली, एकीकडे लाल उरली एकीकडे करडी! मी शिक्षक म्हणून एवढा एक मुद्दा अख्ख्या तक्त्याच्या बदल्यात घेईन.

तुमच्याकडची माती अजून पोरसवदा आहे, कारण हिमयुगात बर्फाच्या जाड थराने जुनी माती खरवडून नेली आणि ते बर्फ हटून जेमतेम दहाबारा हजार वर्षं झाली. खालचा खडक मात्र ग्रॅनाइट आणि नाईस, आपल्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी म्हातारा, १८० कोटी वर्षं आणि त्याहून जुना. आणि बर्फाचं ओझं उतरल्यावर तिथली जमीन अजून वर उचलली जातेय, क्वार्केन नावाच्या किनाऱ्यावर वर्षाला आठनऊ मिलिमीटर. कापसाच्या उशीवरून डोकं उचललं की ती हळूहळू फुगते तशी.

प्रश्न: कास पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर (कातळाच्या उघड्या माळांवर) पाऊस एवढा, मग झाडं का नाहीत? आमच्या ग्रुपने तिथे पाच हजार रोपं लावायचं ठरवलंय, कोणती लावावीत? (सातारा)

कोणतीही नाही. कृपा करून लावू नका.

राग नसावा, पण पाऊस पडतो तिथे जंगल हवंच ही समजूत आपल्या शाळेतूनच आलीय. कासवर जांभ्याचा कातळ आहे आणि त्यावर माती काही इंच, कुठे तेवढीही नाही. पावसात पाणी तुंबून चिखल, एप्रिलमध्ये तवा. झाडाने मूळ घालायचं कुठे? तिथे जे फुलतं ते चार महिन्यांत उरकून घेणारं, आणि मातीत नायट्रोजन इतका कमी की दवबिंदू आणि सीतेची आसवं यांच्यासारख्या वनस्पती चक्क किडे खाऊन भागवतात. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा यादीत घेतलं त्यात कासही आहे, ते असं उघडं आहे म्हणूनच. तुम्ही खड्डे करून बाहेरची माती आणून टाकलीत तर रोपं जगणार नाहीत ती नाहीतच, पण फुलांची जागा जाईल.

जवळच महाबळेश्वरला बघा, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, ॲमेझॉनमधल्या मनौसच्या दुपटीहून जास्त. तरी तिथलं रान ठेंगणं, जांभूळ, अंजनी, पिसा, वाऱ्याने वाकलेली. कारण ऑक्टोबरनंतर सातआठ महिने कोरडे. केरळात पावसाचे महिने जास्त, तिथली झाडं चाळीस मीटरपर्यंत जातात. आणि महाबळेश्वरहून वाईला उतरा, तासभराचा रस्ता, पाऊस सातआठशेवर येतो, ढग डोंगरावर रिकामे होऊन आलेले असतात, पर्जन्यछाया म्हणतात ती हीच. एका सुटीच्या दिवसात तीन प्रकारची झाडी बघून होईल, पैसे पेट्रोलचे फक्त. रोपं लावायचीच असतील तर गावाजवळच्या ओढ्याकाठी, तिथलीच, आणि तीन उन्हाळे पाणी घालायची तयारी ठेवून.

प्रश्न: ॲमेझॉन जगाला २० टक्के ऑक्सिजन देतं हे खरं का? (बऱ्याच जणांचा)

नाही. जंगल ऑक्सिजन तयार करतं भरपूर, पण झाडांचं रात्रंदिवसाचं श्वसन आणि तो पाचोळा कुजवणारी बुरशी-किडे मिळून जवळजवळ सगळा परत वापरून टाकतात, हातात उरतं फारच थोडं. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे, उद्या संपणार नाही. ॲमेझॉन वाचवायला कार्बन, पाऊस आणि तिथली माणसं एवढी कारणं पुरेशी आहेत, फॉरवर्डची गरज नाही.

प्रश्न: विज्ञान प्रदर्शनासाठी यावर काही करून दाखवता येईल का? तक्ता सोडून. (इयत्ता नववी, दोन मैत्रिणी)

येईल, पण आजच सुरू करा. कांद्याच्या नायलॉनच्या जाळीच्या सारख्या मापाच्या बारा पिशव्या शिवा. प्रत्येकीत वाळलेली पानं १० ग्रॅम, किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर मोजून. सहा पिशव्यांत पिंपळ किंवा आंब्याची पानं, सहांत सुरूच्या बारीक काड्या. सुरू हा पाईन नव्हे हं, पण कडक, सुईसारखं म्हणून चालेल. तीनतीन ओल्या सावलीच्या जागी, तीनतीन उघड्या कोरड्या जागी, चार बोटं मातीखाली. दर महिन्याला प्रत्येक गटातली एक काढा, माती झटका, उन्हात वाळवा आणि परत तोला. किती कमी झालं त्याचा आलेख काढलात की ॲमेझॉन आणि तैगा यातला निम्मा फरक शाळेच्या आवारातच दिसेल.

जागेचा नकाशा काढून ठेवा आणि खुणेला रंगीत सुतळी बांधा. आमच्या मुलींनी नकाशा नको, लक्षात राहील म्हणून पुरल्या होत्या, नऊ सापडल्या, उरलेल्या तीन शिपाईमामांनी बाग झाडताना कचरा समजून जाळल्या आणि वर मुलींनाच ओरडले.